सत्काराला निघालेली पदकं

सकाळचे अकरा. पोलीस ठाण्याचा व्हरांडा. बाकड्यावर ऐंशी पार केलेल्या, आमच्या शाळेतल्या विमल साळवे बाई आणि शेजारी मी.

किस्से ठरवून जमत नाहीत. नगरमध्ये तीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाकडे ते टेबलाच्या खणातल्या पेनांच्या टोपणांसारखे साठत जातात. पेन कुठं गेलं त्याचा पत्ता नसतो, टोपणं मात्र ढीगभर! पण हे पुढचे सगळे किस्से एकाच डबीचे आहेत, म्हणून एका माळेत सांगतो.

ती डबी निळ्या मखमलीची. आत एकाच पिनेवर ओळीनं लावलेली पाच पदकं. दोन तारे, तीन गोल. बाईंचे वडील कमांडर साळवे दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते, तेव्हाची. दरवर्षी चार डिसेंबरला, नौदल दिनाला, बाई ती पदकं पदरावर लावतात आणि भिंगारच्या दफनभूमीत वडिलांच्या कबरीवर जातात. लावतात उजवीकडं. कारण तसा रिवाज आहे. डावीकडं फक्त ज्यानं मिळवली त्यानं लावायची, वारसानं उजवीकडं.

पंधरा ऑगस्टला गावातल्या एका प्रतिष्ठाननं वीरांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं. बाईंकडून डबी नेली आणि परत आणलीच नाही! आता नौदल दिन तोंडावर आला होता, म्हणून आम्ही त्या बाकड्यावर बसलो होतो.

हवालदारानं कागद पुढं ओढला. "मेडल कशाचं? कुस्तीचं का कबड्डीचं?"

"नौदलाचं," बाई म्हणाल्या.

"पोहण्याचं हाय म्हना की!"

"पोहणाऱ्याच्या मागं शत्रू पाणबुडी लावत नाही, बाळा."

हवालदार जरा वरमला. मग पेन कानामागं अडकवून त्यानं खरी अडचण सांगितली. "पन बाई, मेडलं समुद्रात मिळाली म्हनता. आपल्या जिल्ह्याला तर समुद्रच न्हाई. मग हद्द कुठली धरायची?"

मी उठून भांडणारच होतो. बाईंनी माझा हात दाबून मला खाली बसवलं.

"मिळाली पाण्यात, पण गेली कोरड्या जागेवरून. तेवढं लिही."

*

बातमी मी स्वतः लिहिली. चांगली कडक लिहिली. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला, तर बातमीच्या डोक्यावर तीन कॉलम रणगाडा! खाली ओळ : 'कमांडर साळवे यांच्या पराक्रमाची साक्ष'.

मी तडक डेस्कवर गेलो. तिथं आमचा दिघे बसतो. "अरे, माणूस नौदलातला! समुद्रात रणगाडा घातलास?"

दिघे शांतपणे म्हणाला, "हे नगर आहे, रणगाड्यांची छावणी. सैन्याची बातमी आली की रणगाडा लावायचा, ही आपल्याकडची पद्धत आहे. जहाजाचा फोटो आहे का आपल्याकडं? जायकवाडीच्या होडीचा आहे, तो टाकू?"

मी ओरडत होतो तेवढ्यात बाईंचा फोन आला. आता शिव्या खायच्या म्हणून मी कान पुढं केला.

"फोटो छान आहे रे," बाई म्हणाल्या. "फक्त पुढच्या वेळी एवढं लिही, की आमच्या वडिलांना सायकलसुद्धा येत नव्हती!"

*

प्रतिष्ठानचे अध्यक्ष बंडूशेठ. दुकान प्लायवूडचं, पण मुख्य धंदा सत्काराचा. त्यांच्याकडं गेलो, तर म्हणाले, "पत्रकार, आरोप करू नका. आपल्या संस्थेचा कारभार एकदम पारदर्शक हाय." आणि पुरावा म्हणून त्यांनी कार्यक्रमाचा अल्बमच माझ्या पुढ्यात टाकला.

अल्बम खरंच पारदर्शक होता! आठव्या की नवव्या फोटोत श्रीगोंद्याच्या साखर कारखान्याचे एक संचालक उभे. अंगावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात निळी मखमली डबी.

"बंडूशेठ, ही काय भानगड?"

"आता तुमच्यापासनं काय लपवायचं," बंडूशेठनी खुर्ची जवळ घेतली. "पुन्याहून ट्रॉफ्या यायच्या हुत्या, त्यो टेम्पो बंद पडला सुप्याला. हिकडं निवेदकानं सांगून टाकलं, आता पावन्यांना स्मृतिचिन्ह देऊन सन्मान. माईकवर बोललेलं मागं घेता येतं का? समोर टेबलावर डबी दिसली. चांगली मखमली. उचलली, दिली!"

"दुसऱ्याच्या बापाची पदकं?"

"टाळ्या लई पडल्या राव!"

"मग नंतर मागून आणायची!"

बंडूशेठ खरोखर दुखावले. "दिलेला सत्कार परत मागायचा? जनाची न्हाई तरी मनाची हाय का न्हाई आमाला?"

*

श्रीगोंद्याला संचालकसाहेब घरी नव्हते. त्यांचे पीए शिंदे भेटले. शिंद्यांनी मला सत्काराची खोली दाखवली. हो, वेगळी खोली! छताला टेकलेल्या शालींच्या थप्प्या, फेट्यांची गाठोडी, एका भिंतीला नुसते गणपती.

"सीझनला साहेबांचे दिवसाला दोन-दोन सत्कार असत्यात," शिंदे म्हणाले. "एवढं ठेवायचं कुठं? मग जिथं साहेब पावने म्हनून जातील, तिथं ह्यातलंच पुढं द्यायचं. शाल काय, फिरती राहिली पाहिजे. एक जरीकाठी तर फिरून तीनदा साहेबांच्याच अंगावर पडली!"

समोरच्या भिंतीवर साहेबांचा मोठा फोटो होता. कोट घातलेला, मान ताठ, आणि कोटावर कमांडर साळवेंची पाचही पदकं. लावलेली डावीकडं!

माझं डोकंच फिरलं. "शिंदे, तुमच्या साहेबांनी कुठलं युद्ध केलं हो?"

शिंदे जराही अडखळले नाहीत. "मागच्या पंचवार्षिकला झालं की. कारखान्याचं!"

डबी अर्थातच पुढं गेलेली होती. मिरजगावला जनावरांचं प्रदर्शन होतं, तिथं साहेबांच्या हस्ते पहिल्या नंबराला दिली गेली.

"कुणाला दिली? नाव सांगा."

"नाव न्हाई ध्यानात," शिंदे डोकं खाजवत म्हणाले. "पन गाय हुती."

*

बाई म्हणाल्या, मी येणार. मी म्हणालो, बाई, रस्ता खराब आहे. त्या म्हणाल्या, "सातवीत तुझं गणित त्याहून खराब होतं. तरी मी सोडलं का तुला?"

मिरजगावात 'पहिल्या नंबराची गाय' एवढं विचारलं आणि तिसऱ्या माणसानं थेट गोठ्यावर नेऊन सोडलं. भागवततात्या. पन्नाशीचा माणूस. खिलार गाय, नाव चंद्री. आम्ही कशासाठी आलो ते सांगितलं. तात्या उठले, आत गेले आणि देवघरातून डबी घेऊन आले. ना प्रश्न, ना घासाघीस! वाटेत मी भांडणाची सगळी तयारी करून गेलो होतो. ती तशीच वाया गेली.

"आमी तरी म्हनत हुतो," तात्या म्हणाले, "दरसाली बादली देत्यात, औंदा एकदम एवढे बिल्ले कसे काय?"

बाईंनी डबी मांडीवर घेतली. लगेच उघडली नाही. आधी गाईकडं बघितलं.

"हिच्या कुठल्या बाजूला लावली होती?"

तात्यांना प्रश्न कळला नाही, पण उत्तर खरं दिलं. "गळ्यात, बाई. मधोमध. पिन टोचंल म्हनून फीत ओवून बांधली हुती."

"मग हरकत नाही," बाई म्हणाल्या. "हिनं तरी दावा केला नाही."

आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. तात्यांच्या कारभारणीनं चहा केला. चंद्रीच्याच दुधाचा. मी दोन कप प्यालो. छातीवरचं ओझं उतरलं की चहाला चव कशी येते ते त्या दिवशी कळलं!

नौदल दिनाला बाई पदकं लावून दफनभूमीकडं निघाल्या, तेव्हा चौकात तोच हवालदार ड्यूटीवर होता. त्यानं पदराकडं बघितलं आणि टाचा जुळवून कडक सॅल्यूट ठोकला. मग हळूच विचारलं, "बाई, हद्द सापडली का?"

"सापडली," बाई म्हणाल्या. "गोठ्यात!"

*

आता शेवटचा.

त्या दिवशी गोठ्यात बाईंनी डबी उघडली, दोन तारे मोजले, गोल पदकं मोजली आणि बोट मध्येच थांबलं. पुन्हा मोजली. मग डबी माझ्याकडं केली. तारे दोनच होते. गोल पदकं चार.

बाईंनी स्वतः फिती शिवल्या होत्या, निळ्या दोऱ्यानं. शेवटचं पदक काळ्या दोऱ्यानं जोडलेलं. बारीक, नेटका टाका. पदक चांदीचं, कमांडरसाहेबांच्या पदकांहून जुनं दिसणारं. पदकाच्या कडेवर नाव कोरलेलं असतं. इथं नंबर झिजलेला, नाव झिजलेलं, फक्त 'नाईक' हा पायदळातला हुद्दा वाचता येत होता.

तात्या म्हणाले, आली तशी ठेवली, सहाच हुती. शिंद्यांच्या भिंतीवरच्या फोटोत, साहेबांच्या कोटावर पाचच आहेत. शिंदे म्हणाले, आमच्या खोलीत शाल शिवलेली न्हाई कुनी, मेडल कोन शिवतंय? जनावरांच्या प्रदर्शनाची कमिटी म्हणाली, आम्ही डबी उघडलीच नाही. मी बातमी लिहिली. दिघ्यानं रणगाडा लावला. पदक मागायला कुणीही आलं नाही.

शेवटी बंडूशेठनी बाईंचाच सत्कार ठेवला. बाई म्हणाल्या येते, पण मला माईक पाहिजे. हॉल भरलेला होता. पहिल्या रांगेत संचालकसाहेब, मागं शिंदे, मिरजगावहून खास बोलावलेले भागवततात्या. बाईंनी शाल घेतली नाही, नारळ घेतला नाही. पदरावर उजवीकडं पाच पदकं होती. सहावं त्यांनी हातात वर धरलं.

"एक लढलेला नाईक आहे हा," बाई म्हणाल्या. "ह्याच्या घरी कुणीतरी असेल. कुणाच्या टेबलावरून उचललात ह्याला?"

बंडूशेठनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी शिंद्यांकडं. शिंद्यांनी तात्यांकडं. तात्यांनी टोपी काढून हातात घेतली.

बाईंच्या घरून पाच पदकं गेली होती. परत सहा आली आहेत.