पिवळ्या पाण्याची बाटली

आमच्या सासूबाईंचं रक्त घट्ट झालं होतं. म्हणजे काय, ते मलाही तेव्हा कुठं कळत होतं! नाकातून रक्त यायचं, डोळ्यांपुढं धुकं. नगरच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं. तिथं हातातून बाटलीभर रक्त काढायचे, त्यातलं वरचं पिवळं पाणी वेगळं करायचे आणि खालचं लाल परत अंगात सोडायचे. दोष सगळा त्या पाण्यात, म्हणे.

एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. शेवगावहून एसटीनं सारखं जावं लागे, आणि दर खेपेला सोबत जायची माझी धाकटी जाऊ. ती शिकलेली म्हणून नव्हे बरं का! सासूबाईंना करणीची धास्ती. आपल्या अंगातलं पाणी परक्याच्या हाती राहिलं तर कुणी काही करील, म्हणून ते मोरीत ओतेपर्यंत घरचं विश्वासाचं माणूस तिथं उभं हवं. ते माणूस धाकटी! मी थोरली, पण माझ्यावर विश्वास फक्त शेणाचा आणि भाकरीचा. ती पिशवी घेऊन निघाली की माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मग ती बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा कुठं माझा नंबर लागला.

पुण्यात सिस्टरनं बाटली ओतली. मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं आणि खाटेशी येऊन सांगितलं, "ओतलं, आत्याबाई."

"बाटली इसळली का?"

"न्हाई बा."

"धाकटी इसळून घेती."

माझी कानशिलंच तापली. तशीच मागं फिरले आणि सिस्टरच्या हातातून बाटली ओढली.

"अहो बाई, आम्ही धुतो ना!"

"तुमी मागून धुवा. आदी मला धुऊ द्या."

नळाखाली अशी खळखळून धुतली, की निम्मं लुगडं भिजलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या डोळ्यांपुढचं धुकं निवळलं. कितीतरी वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. "लई वाळलीस गं थोरले," म्हणाल्या. मी खाटेजवळ सरकले, तोवर पुढचं आलंच, "आन् धाकटी? मोकळी झाली का?"

"न्हाई अजून," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

परतीच्या एसटीत त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. नगर येईस्तोवर मी खांदा हलू दिला नाही. पण धाकटीच्या खांद्यावरही अशाच झोपत असतील, हे मनात आलंच.