पार्किंगमधला आबांचा आवाज

बेडशाच्या लेण्यांखालच्या पार्किंगला आबा गाडीत डोकावायचे आणि आतलं सामान मोठ्यानं वाचायचे. रेडिओवर बातम्या देतात तसं. "पांढरी गाडी. मागं लॅपटॉपची बॅग. फुडं पर्स, चेन उघडी. वेफर, अर्धं खाल्लेलं." सगळं पार्किंग ऐकायचं. मालक लाजून परत यायचा आणि बॅग खांद्याला अडकवून पायऱ्या चढायचा.

काचा फोडून सामान न्यायचे प्रकार वाढले, म्हणून गावानं आबांना तिथं बसवलेलं. शेजारी माझी सरबताची गाडी. एकदा मी म्हटलं, "आबा, तुमी तर चोरालाच सांगताय, कुटं काय हाय ते."

"चोराला दिसतंय की. मालकाला दिसत न्हाई. मी मालकाला सांगतोय."

एक साहेब भडकले. "काका, ही माझी प्रायव्हेट गाडी आहे."

"व्हय," आबा म्हणाले आणि वाचायला लागले. "निळी गाडी. स्टेरिंगपाशी मोबाईल. साहेब चिडल्यात."

साहेबांनी मोबाईल खिशात घातला.

मी आबांची नक्कल करायचो. घोगरा आवाज, प्रत्येक गाडीनंतर घसा खाकरणं. गिऱ्हाईकं हसायची. आबा म्हणायचे, "खाकरायचं जरा उशिरा."

मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आबा नुसती काच वाजवायचे, लोक त्यांना टाटा करून वर जायचे. एका गाडीची काच फुटलीच. गावात बोलणं सुरू झालं, आबांना घरी बसवा, दुसरा माणूस बघा. आबांची बायको, आमची मावशी, गेल्यापासून त्यांच्या घरी बोलायला कोणी नव्हतं. आता तर त्यांना बोलताही येत नव्हतं.

त्या रविवारी आबा एका काचेला नाक लावून उभे होते. मी लिंबं ठेवली, शेजारी गेलो आणि त्यांच्या आवाजात वाचलं, "लाल गाडी. मागं कॅमेरा, टावेलाखाली. टावेल वला."

मालक परत आला. आबांनी माझ्याकडं बघून घशावर बोट ठेवलं. मी खाकरलो. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या गाडीकडं गेले. घरी बसवायचा विषय परत निघाला नाही. आबा बोट दाखवायचे, मी वाचायचो.

मागच्या वर्षी आबा गेले. त्यानंतरच्या रविवारी मी माझ्या आवाजात वाचून बघितलं. कोणी वळलंसुद्धा नाही. मग आबांच्या आवाजात वाचलं.

आता कोणी हसत नाही. नव्या लोकांना वाटतं, माझा आवाजच असा आहे.