ऑटोच्या रांगेतली मंडळाची खुर्ची

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आजोबा पंगतींचा स्वयंपाक करायचे, बाबा ऑटो चालवतात, आई ब्लाउज शिवते, आणि ज्या शाळेतून माझं नाव कटणार होतं त्याच शाळेत मी आज अतिथी शिक्षक म्हणून गणित शिकवते. लोक म्हणतात, फार मेहनत केलीस. केलीच. पण शाळा घरापासून साडेपाच किलोमीटर होती, आणि मेहनतीला चाकं नसतात.

आमचं शहर हिंदी मुलखातलं. त्यातल्या चेरीताल भागात आमच्या गल्लीजवळची सरकारी शाळा आठवीपर्यंतच. नववीला शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं. मधे ऑटो बदलायचा, आणि दुसऱ्या ऑटोची वाट बघत जिथं उभं राहायचं तिथं समोरच दारूचं दुकान. आमच्या भागातून आम्ही चार मुली नववीत गेलो. जुलैभर बाबांनी चौघींना स्वतः सोडलं. ऑगस्ट लागला तसं सोडणं बंद केलं. काही दिवस आम्ही ऑटो बदलत गेलो, मग तेही थांबलं.

कारण होतं नंबर. चौकातल्या स्टँडवर ऑटो रांगेत लागतात. पहिल्या नंबरची गाडी सवारी घेऊन निघते, मागच्या एकेक जागा पुढे सरकतात. बाबा आम्हाला सोडून परत आले की रांगेच्या शेपटाला लागायचे आणि त्यांचा नंबर यायला दुपार व्हायची. सकाळचाच तर धंदा. आईनं महिनाभर काही म्हटलं नाही, मग एका दिवशी तिनंच विषय काढला.

“नववी कशीतरी काढेल. दहावीला प्रायव्हेट बसू दे.”

प्रायव्हेट म्हणजे घरी बसून फॉर्म भरायचा आणि परीक्षेपुरतं जायचं. ऐकायला चांगलं वाटतं. आमच्या गल्लीत माझ्याआधी तीन मुलींनी प्रायव्हेट फॉर्म भरला होता. तिघींनी परीक्षा दिली नाही, तिघींची लग्नं झाली.

बाबांनी पुढच्या वर्षाचा विचार करून तो कोरा फॉर्म आणूनही ठेवला, ऑटोच्या काचेवरच्या पट्टीत खोचून. मला रोज दिसायचा.

मी सांगितलं, “मी नाही भरणार.”

बाबा म्हणाले, “काहून? लोकं भरून नाही राहिले का?”

गणपतीत आमच्या मराठी मंडळानं शाळेच्या मोठ्या मॅडमना बक्षीस वाटायला बोलावलं. मंडळात आमचं जाणं तेवढ्यापुरतंच, आणि तेही पंगतीत वाढायला. मी भाताची परात घेऊन दाराशी उभी होते. मॅडम माइकसमोर आल्या आणि म्हणाल्या, “भाषण बाद में. पहले ये बताइए, आपके मोहल्ले की लड़कियाँ मेरे स्कूल तक कैसे पहुँचेंगी? पंद्रह दिन से चार कुर्सियाँ खाली हैं.”

मग दीक्षितपुऱ्याच्या काकू उठल्या. या काकू टेलिफोन ऑफिसातून रिटायर झालेल्या, आणि मंडळाच्या सगळ्या सामानाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. त्या म्हणाल्या, “मॅडम, बसा. हे होऊन जाईल.”

काकू दुसऱ्याच दिवशी मॅडमना घेऊन स्टँडवर गेल्या. स्टँडचे अध्यक्ष भैया भले माणूस. म्हणाले, “दीदी, बच्चियाँ तो अपनी ही हैं. करेंगे.” ऑटोच्या गॅसचा खर्च मंडळ देईल असं ठरलं. मुलींची हजेरी मॅडम रोज काकूंना कळवणार. परत आणायचा प्रश्न नव्हता, दुपारी चारला स्टँडवर गाड्या रिकाम्याच असायच्या. आणि सकाळसाठी काकूंनी यादी केली. सोमवारी हा, मंगळवारी तो. छान टाइप करून, प्लास्टिकमधे घालून, खांबाला लावली.

ती यादी मी पाहिली आणि मला कळलं की काकूंनी गणपतीच्या आरतीचीच यादी केली आहे. मंडळात तसंच चालतं. आज आरती कुणाकडे, प्रसाद कुणाकडे. ज्याचा वार त्याचा मान. पण स्टँडवर वाराला काही अर्थ नसतो. ज्याचा वार असायचा तो नेमका आमच्या निघायच्या वेळी, पावणेदहाला, पहिल्या नंबरवर असायचा, सवारी समोर उभी असायची, आणि दोन तास वाट बघून आलेला नंबर कोण सोडेल? कधी कुणी न्यायचं, कधी नाही. दिवाळीनंतर हजेरीची टक्केवारी अशी झाली की मॅडमनी बाबांना बोलावून सांगितलं, आता आणखी खाडे झाले तर नियमित विद्यार्थिनी म्हणून हिला ठेवता येणार नाही.

डिसेंबरात छमाही परीक्षा लागली. गणिताच्या पेपराच्या दिवशी यादीत बाबांचंच नाव होतं. आम्ही चौघी चौकात पोचलो तेव्हा बाबा स्टेशनची सवारी घेऊन वळत होते. त्यांनी मला पाहिलं. मीही त्यांना पाहिलं. गाडी गेली.

आम्ही ऑटो बदलून, धावत, चाळीस मिनिटं उशिरा पोचलो. मॅडम फाटकातच उभ्या होत्या. त्यांनी आधी आम्हाला पेपराला बसवलं. संध्याकाळी मात्र काकूंना घेऊन त्या स्टँडवर आल्या, आणि मग बोलल्या. अध्यक्ष भैया खाली बघत होते. बाबा गाडीचं टायर पुसत होते, जे त्यांनी आयुष्यात कधी पुसलं नसेल.

काकू कडाडल्या, “स्वतःची मुलगी हो! लाज नाही वाटली?”

तेव्हा मी मधे पडले. चौदा वर्षांची होते, पण स्टँडवर वाढलेली.

“काकू, बाबांना बोलू नका. तुमची यादी चुकली आहे.”

काकूंना तोवर मंडळात असं कुणी बोललं नव्हतं, वाढणाऱ्या मुलीनं तर नाहीच.

“वार नका लावू,” मी म्हटलं. “पावणेदहाला ज्याचा तिसरा नंबर असेल, त्यानं आम्हाला न्यायचं. त्याच्यासमोर सवारी उभी नसते. आणि परत येईस्तोवर त्याचा नंबर राखायचा.”

“राखेगा कौन?” अध्यक्ष भैया म्हणाले. “जगह खाली दिखी कि कोई भी घुसेगा.”

“काहीतरी ठेवायचं त्या जागी. वीट, खुर्ची, काही.”

“अब कुर्सी का नंबर लगेगा? कल को कोई बकरी बाँध देगा!”

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. मंडळाच्या खुर्च्या हॉलबाहेर जात नाहीत हा नियम त्यांनीच केलेला. लग्नाला मागायला आलेल्या सख्ख्या भाच्याला त्यांनी रिकाम्या हातानं परत पाठवलं होतं. त्यांनीच कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

“जा. लाल घेऊन ये. लांबून दिसली पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला तिसऱ्या नंबरच्या जागी लाल प्लास्टिकची खुर्ची आली, पाठीवर मंडळाचं नाव, बसायच्या जागी वाऱ्यानं उडू नये म्हणून वीट. गाडी पुढे गेली की मागचा ड्रायव्हर उतरून खुर्ची एक जागा पुढे सरकवायचा. खुर्चीचा पहिला नंबर आला की सवारीला सांगायचे, “कुर्सीवाले भैया स्कूल गए हैं, आप पीछेवाली में बैठिए.” एकदा एक साहेब दमून तिच्यावर टेकायला गेले तर चार ड्रायव्हर एकदम ओरडले.

त्या दिवसापासून वर्ष संपेपर्यंत माझा एक खाडा नाही. बाकी तिघींचाही नाही. छमाहीत गणितात मी काठावर पास झाले होते, वार्षिक परीक्षेत वर्गात पहिली आले. हेही मी न विचारता सांगते.

दहावीचा फॉर्म शाळेतच भरला. त्यात एक चौकोन असतो, नियमित की स्वाध्यायी, म्हणजे प्रायव्हेट. मी ‘नियमित’वर खूण केली आणि घरी येऊन बाबांना सांगितलं. ते फक्त “अच्छा” म्हणाले. संध्याकाळी मी ऑटोत बसले तर काचेवरची पट्टी रिकामी.

“बाबा, तो फॉर्म?”

“कोणता?” त्यांनी गाडी सुरू केली. “तो होय. काच पुसली त्या कागदानं. काहून, पाहिजे होता का तुला?”