लाल गाडीचं छप्पर आन् सोपानतात्या

गॅरेजात गाडी आली की सोपानतात्या मालकाकडं बघायचेच न्हाइत. सरळ गाडीच्या टपाकडं जायचे, बोटाच्या मागच्या गाठीनं टकटक करायचे आन् कान लावायचे. उजनीच्या कडंला कलिंगड घेताना आपण वाजवून बघतो, अगदी तसं. पुढनं मागं, डावीकडनं उजवीकडं. मालक बिचारा "तात्या, नुसता रंग मारायचाय" म्हणत उभा. वाजवून झालं की तात्या म्हणायचे, "रंग मारतो. पर ही उलटली कवा, ते आदी सांग."

एकदा भिगवणचा एक मासेवाला टेंपो घिऊन आला. म्हणला, गाडी कवाच कुठं आपटली न्हाय. तात्यांनी वाजवलं, एका जागी थांबले. "हितं पत्रा न्हाय, लांबी भरलीया." पत्र्याचा खड्डा बुजवायला जो लगदा लावत्यात त्याला लांबी म्हणत्यात. खरवडलं तर बोटभर निघाली. मासेवाला खाली बघत म्हणला, "मेव्हण्यानं पाडली व्हती तात्या, घरात सांगितलं न्हाय." तात्या म्हणले, "घरात सांगूबी नगंस. पर मिस्त्रीला आन् डाक्टरला सांगत जा बाबा."

तात्या जाऊन आता लई वर्षं झाली. त्यांचा फोटो कुणाकडं न्हाय, माझ्याकडंबी न्हाय. म्हणून सांगते.

माझा नवरा भिगवणला ताडपत्र्या शिवायचा. त्याच्या पोटात गाठ झाली, आठ महिन्यांत गेला. मागं राहिलं शिलाईचं मशीन आन् मी. मूलबाळ न्हाय. सासरच्या गावातनं, सणसरनं, दीर न्यायला आला. लगीन झाल्यावर पहिली दोन वर्षं मी तितंच काढली व्हती. शेरडं राखायची, खुरपायचं, आन् समद्यांची जेवणं झाल्यावर तव्यात उरलं आसंल ते खायचं. म्हणून दिराला म्हणलं, "तुमी व्हा पुढं, येते मागनं." आन् मशीन टेंपोत घालून बारामतीला आले. भिगवण रोडला तात्यांची पत्र्याची शेड व्हती. जात कुठली, संगं कोण हाय, काय इचारलं न्हाय. म्हणले, "टाका दाखव."

मी दुहेरी ताडपत्रीची शिवण दाखवली. तात्यांनी ती दोन्ही हातांनी इतकी ताणली की मला वाटलं आता कापड फाटतंय. शिवण उसवली न्हाय. "बस त्या कोपऱ्यात," म्हणले. माझी नेमणूक ती एवढीच.

सहा-सात वर्षं मी जीपांची कापडी हुडं शिवली. दिवसभर पायडल मारून पाय दगड व्हायचे, पर राती भाकरी माझ्या चुलीवर व्हायची. मग माणसं वाहायच्या वडापच्या जीपा वाढल्या. आत बारा आन् टपावर आठ माणसं. कापडावर माणूस कसा बसवायचा? जो तो हूड काढून पत्र्याचा टप ठोकून घ्यायला लागला. तात्यांचा हातोडा दिवसभर चालायचा आन् माझं मशीन गप. आठ-आठ दिवस सुईत दोरा ववला न्हाय. दीर बाजारला आला की शेडमधी डोकवायचा. "वहिनी, पुरं झालं आता मिस्त्रीपण. शेरडं वाट बघत्यात." मी हसायचे. रडून काय टाका बसतो व्हय?

अशात सुहास आला. इंदापूरकडच्या डाळिंबाच्या बागायतदाराचा पोरगा. मुंबईसनं जुनी लाल गाडी घिऊन आलेला, परदेशी, दोघांपुरती. इतकी बसकी की आत बसायचं म्हंजी पाटावर बसल्यावाणी. वरचा टप एका जागी गंजलेला. सुहास म्हणला, "तात्या, हा टप कापायचा. मधे एक पट्टी ठेवायची आणि दोन्ही अंगाला दोन झाकणं. मनात आलं की काढायची, मागं ठेवून द्यायची. उन्हाळ्यात वारा, पावसात छप्पर. बाहेरच्या देशात अशा गाड्या असतात, मी पुस्तकात बघितल्यात."

मग माझ्याकडं वळला. "मावशी, झाकणांच्या कडा, ती ठेवायच्या पिशव्या, सगळी शिलाई तुमची. माझ्या मित्रांच्या चार गाड्या आहेत, त्यांनाही हेच करायचंय."

मी तात्यांच्या तोंडाकडं बघितलं. ह्या माणसानं उभा जन्म ट्रॉल्या आन् टेंपो ठोकण्यात घातला व्हता. त्या दिवशी त्यांनी दुपारचा डबा उघडला न्हाय. फरशीवर खडूनं गाडी काढली, पुसली, परत काढली. पुठ्ठ्याची दोन झाकणं कापली आन् टपावर ठिवून लांबनं बघत बसले, नातू बघावा तसं. मला म्हणले, "हिराबाय, मधल्या पट्टीला घराच्या आढ्यावाणी बाक दिला की पाणी दोन्हीकडं पळंल. झ्याक जमंल बघ."

सांजच्याला शेड झाडताना मी म्हणलं, "तात्या, उद्या कापायचं म्हणून सांगून टाका. माझं मशीन चालंल. न्हायतर मला सणसर हाय."

"आदी बघू दे."

"बघायचं काय त्यात? तुमालाबी करायचंच हाय की."

"करायचंय म्हणूनच बघायचं. आवडतं काम लबाड असतंय, हिराबाय. ते आपल्याला त्याच्या अंगाला वढतं."

दुसऱ्या दिवशी तात्यांनी मागं भंगारात पडलेली एक जुनी, बंद टपाची गाडी पुढं वढली. सुहास म्हणत व्हता तसाच तिचा टप कापला. मधी पट्टी, दोन्हीकडं दोन भोकं. मला म्हणले, "बस आत, दार लाव." दार नीट लागलं. मग त्यांनी पुढच्या एका चाकाखाली जॅक लावला आन् चाक भुईवरनं चार बोटं उचललं.

"आता उघड."

दार उघडंना. मी खांदा लावला, लाथ मारली. पलीकडचं दारबी तसंच अडाकलं. सुहासला हसू फुटलं. "मावशी, वरून या!" नऊवारीचा काष्टा सावरत मी त्या भोकातनं वर निघाले, शेळी कुडावर चढावी तशी. पर तात्यांचं तोंड उतरलेलं व्हतं.

"बघितलं?" ते सुहासला म्हणले. "टप नुसता उन्हापावसाचा नसतो. गाडीचं खांब त्याला धरून उभं असत्यात. तो कापला की गाडी पीळ खाती. आज दार अडाकलं, उद्या रस्त्यात अडाकलं आन् आत तू असलास तर?"

"खालून लोखंडी अँगल घाला की."

"घालतो. मग ती बैलगाडीवाणी पळंल. आन् उलटली तर तुझ्या डोक्यावर काय, आभाळ? हे बघ, कंपनीनं जी पहिल्यापासनं निघत्या टपाची घडवली, तिचं हाड खालनं जाड केलेलं असतंय. तिला चालतंय. तुझी तशी जन्मली न्हाय. हिला बंद टपच पायजे. मी कापणार न्हाय आन् तूबी दुसऱ्याकडनं कापून घिऊ नगंस. गंजलेला पत्रा बदलून देतो, आतनं अस्तर चिकटवून देतो, रंग मारतो. झालं."

सुहासनं गाडीवरनं हात फिरवला. मग म्हणला, "बरं. बंद तर बंद." तात्यांनी पायानं फरशीवरचा खडू पुसला. पुठ्ठ्याची झाकणं चहाच्या इस्तवात घातली.

माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाय त्यांनी. मी चार दिवस बोलले न्हाय. मनात म्हणायचे, एवढ्या गाड्या ठोकल्या, त्यातले कितीक वडापवाले टपावर माणसं कोंबत्यात, आन् ह्या एका बागायतदाराच्या पोरासाठी माझ्या पोटावर पाय? पाचव्या दिवशी मशीन बांधलं. तात्या हातोडा ठिवून आले, एका बाजूनं मशीन स्वतः उचललं, टेंपोत ठिवलं. राहा म्हणले न्हाइत. मीच म्हणलं, "त्या पोराला 'व्हय' म्हणला असता तर मी हितं राहिले असते."

"व्हय," तात्या म्हणले. "तू राहिली असतीस. पर मग माझ्या 'व्हय'ला आन् 'न्हाय'ला काय किंमत राहिली असती?"

सणसरला समदं व्हतं तसंच व्हतं. शेरडं तेवढी जास्ती. मशीन पडवीत ठिवलं, दिरानं त्याच्यावर पेंडीची पोती रचली. "तेवढीच भुईची ओल लागायची न्हाय," म्हणला. उसात खुरपताना पातीनं हात चिरायचं. जेवायला मी शेवटाला. वीस-बावीस दिवस गेलं. कुणी इचारलं, "हिराबाय, बारामतीचं काय झालं?" तर म्हणायचे, "काय न्हाय. गाडीचं छप्पर बंद ठिवायचं ठरलं." लोकांना वाटायचं बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय.

एक दिवस दुपारी तात्या एसटीनं आले. बगलंत कापडाची गुंडाळी. दीर पडवीत बाजेवर बसलेला. मी दाव्याला शेरडू बांधत व्हते.

दीर म्हणला, "या की मिस्त्री. बाई न्यायला आलाय व्हय? दया आली का काय?"

"दया कशाची? माझं काम बिघडलंय," तात्या उभ्यानंच म्हणले. गुंडाळी बाजेवर उलगडली. राखाडी कापड, मागं सोल्युशनचं पिवळं डाग. "त्या लाल गाडीच्या टपाचं अस्तर. मी माझ्या हातानं चिकटवलं. म्हणलं, त्यात काय शिवायचंय? उन्हानं टप तापला, लोणी देवकरच्या पुढं समदं सुटलं, थेट पोराच्या डोक्यावर. नव्या नवरीवाणी पदर घिऊन गाडी चालवत गॅरेजात आला."

दीर एवढा हसला की बाज करकरली. तात्याबी हसले. "दुसऱ्यांदा चिकटवलं, दुसऱ्यांदा पडलं. पोराला म्हणलं, चूक माझी हाय, गाडी ठिव. आता तितं आणिक तीन गाड्या लोंबतं अस्तर घिऊन उभ्या हायती. मला पत्रा कळतो, कापड कळत न्हाय. हे हिलाच कळतंय. हिच्याबिगर माझं काम पुरं हुईना."

मी कापड हातात घेतलं. उलटंपालटं केलं. उभ्याउभ्याच म्हणलं, "नेफा न्हाय घातला?"

"नेफा म्हंजी?"

"परकराला नाडी ववायला असतो तसा. आडवं नेफं घालायचं, त्यातनं तारा ववायच्या, तारंची टोकं दोन्ही बाजूला पत्र्यात अडकवायची. मग कापड तारंवर राहतंय, सोल्युशनवर न्हाय."

तात्या माझ्याकडं बघतच राहिले. डोळं बारीक करून, मनातल्या मनात तार ववून बघत्यात हे मला दिसत व्हतं. मग म्हणले, "वीस दिवस मी मुडद्याला चंदन लावत बसलो व्हय गं?"

दुसरा कुणी असा दारात येऊन "तुझ्याबिगर काम अडलंय" म्हणला असता, तर मला वाटलं असतं, इधवा बाईची कीव करतोय, आन् मी शेरडाचं दावं सोडलं नसतं. पर ह्या माणसाला माझी कीव करायची असती, तर ती त्यानं त्या लाल गाडीपाशीच केली असती. तवा माझं पोट समोर दिसत असून तो खोटं बोलला न्हाय. मग आज एसटीला धक्कं खात येऊन कशाला बोलंल? माझ्याबिगर काम अडलं व्हतं, म्हंजी अडलंच व्हतं. आयुष्यात माझ्याबद्दल कुणी बोललेलं एवढं एकच वाक्य मी तपासून न बघता घेतलं.

मी हात धुतलं, पदरानं पुसलं. तवर दीर बाजेवरनं उठला व्हता. मशीनवरचं पयलं पोतं त्यानं पाठीवर घेतलं आन् वाकल्या वाकल्या मला इचारलं,

"वहिनी, ही पोती कुठं ठिवू?"