छबुबाईंचा कान

युसूफ वडगाव या गावात माझं किराणा दुकान आहे आणि त्याला लागूनच छबुबाईंचं अंगण. त्यांच्या कोंबड्यांनी माझ्या दारातल्या पोत्यांमधली किती ज्वारी टिपली याचा हिशेबच नाही. म्हणून त्यांची सून संगीता कोंबड्या केजच्या बाजारात विकायचं म्हणाली, तेव्हा मी मनातून खूश झालो. दोन वर्षांपूर्वी छबुबाईंची नजर गेली होती. आता कोंबड्यांकडे बघणार कोण?

"कान हायत की मला," छबुबाई म्हणाल्या. "कोंबड्या गेल्यावर मी नुसतं बाजंवर बसून भाकर खायची का?"

कानाचं खोटं नव्हतं. कोंबडी लांब सूर काढून एकदम गप्प झाली की वर घार आहे, हे त्या बाजेवरूनच सांगायच्या. न थांबता कॉटकॉट करत सुटली की भुईवर मांजर नाहीतर मुंगूस. अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीची कुरकुर वेगळी, दाणा दिसल्यावर पिलांना घातलेली साद वेगळी. मला तर सगळा एकच कलकलाट.

शेवटी सासूसुनेचं ठरलं. तांबडी कोंबडी तेरा अंड्यांवर बसली होती. पिलं निघाली तर कोंबड्या राहतील, नाहीतर बाजार.

थंडीचे दिवस. पिलं एकविसाव्या दिवशी निघतात; तो दिवस गेला, बाविसावाही गेला. तेविसाव्या दिवशी सकाळी संगीता अंडी पदरात घेऊन उकिरड्याकडे निघाली.

"थांब!" छबुबाई बाजेवरून कडाडल्या. "तांबडी पहाटपासून हळूहळू बोलायलीय. आतून कुणी बोलल्याबगर कोंबडी असं बोलत न्हाई."

"आत्या, नासलीत अंडी."

"आण इकडं."

एकेक अंडं त्यांनी कानाला लावलं. पहिली चार बाजूला ठेवली. पाचवं संगीताच्या कानाशी धरलं. मी दुकानाच्या पायरीवरून बघत होतो. संगीताचे डोळे मोठे झाले.

"आत्या, बोलतंय की हे!"

बोलणारी अंडी परत तांबडीखाली गेली आणि संध्याकाळपर्यंत नऊ पिलं निघाली. माझ्या ज्वारीला आणखी नऊ चोची लागल्या, पण खरं सांगतो, मला लई आनंद झाला.

बाजाराच्या दिवशी केजला जाणारी जीप हॉर्न वाजवून निघून गेली. संगीता पिलं ओटीत घेऊन बाजेजवळ, तांबडीच्या शेजारी बसली होती.

"आत्या, हे एकलंच का वरडायलंय? भूक लागली का?"

"गार पडलंय ते. आईखाली सरकव."

तिनं सरकवलं. पिलू गप्प झालं. छबुबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"काय झालं, आत्या?"

"काय न्हाई गं. नजर गेल्यापासून मला कुणी काय इचारतच न्हवतं."