आग्रहाचं सरबत

मुलीच्या लग्नात माझ्या वाट्याला एकच काम आलं होतं. हॉल तिने ठरवला, फुलं होणाऱ्या जावयाने, जेवण बायकोने. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याच घरी, क्वीन्सलँडमधल्या स्प्रिंगफील्ड लेक्सला, मागच्या पॅटिओवर, चौदा माणसांचं रिहर्सल डिनर होतं. त्या चौदा जणांना प्यायला काय द्यायचं, एवढंच मी बघायचं होतं. लग्नाची तालीम करायची आणि वर त्या तालमीचं जेवण घालायचं, हा प्रकार मला आधी थोर वाटला होता. पण माझ्या स्वतःच्या लग्नात हार घालून घेताना माझा चष्मा हारात अडकला होता आणि पुढचे विधी मी अंदाजाने पार पाडले होते. म्हणून मग फार बोललो नाही.

कामाआधी मुलीने मला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. जावयाचे वडील, म्हणजे माझे होणारे व्याही, पूर्वी फार प्यायचे. त्यापायी त्यांचा संसार मोडला, जावयाची आई पर्थला निघून गेली, आणि पोराने तीन वर्षं बापाशी बोलणं टाकलं. आता सहा वर्षं ते थेंबालाही शिवले नव्हते. आई थेट लग्नाच्या दिवशी येणार होती, त्यामुळे या जेवणाला मुलाकडचं वडीलधारं माणूस म्हणजे ते एकटेच. मुलगा त्यांना पहिल्यांदाच वडील म्हणून चारचौघांत आपल्या शेजारी बसवणार होता. त्यांनी निरोप दिला होता की बाकीच्यांसाठी बिअर, वाइन नेहमीसारखी ठेवा, मी पाणी पितो, माझ्यासाठी वेगळं काही करू नका.

"बाबा, ही इज ऑलरेडी नर्व्हस," मुलगी म्हणाली. "तू जस्ट नॉर्मल राहा. आणि आग्रह नको, प्लीज."

मी मान हलवली. पण मी ज्या घरात वाढलो तिथे पानावर आडवा हात धरणाऱ्याच्या बोटांच्या फटीतून जिलबी वाढत असत. पाहुण्याचा पहिला नकार आम्ही धरतच नाही, दुसरा ऐकू येतो, आणि तिसऱ्यानंतरही वाढणारा आपला हात आवरत नाही. 'माझ्यासाठी वेगळं काही करू नका' या वाक्याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो, तो म्हणजे करा. वीस वर्षं ऑस्ट्रेलियात राहून मी बार्बेक्यूवर सॉसेजेस उलटायला शिकलो, पण हे डोक्यातून गेलं नाही. त्या भल्या माणसासमोर बिअरचे कॅन ठेवायचे म्हणजे काय, असं म्हणून मी परस्पर ठरवून टाकलं की संध्याकाळ पूर्ण कोरडी राहील आणि सरबतं अशी करीन की बिअरची कुणाला आठवणही होणार नाही.

मी आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, त्यामुळे एक्सेल शीट झाली. कोकम सरबत, शेजारच्या झाडाच्या कैऱ्यांचं पन्हं, सोलकढी, आणि माझा स्वतःचा शोध, अननसाचं सरबत. क्वीन्सलँडमध्ये अननसाला तोटा नाही. सालींसकट तुकडे, गूळ आणि आलं एका मोठ्या काचेच्या बरणीत घातलं, पाणी भरलं, वर फडकं बांधलं. मॅनेजर असल्याने हे मी चार दिवस आधी केलं. बायकोने विचारलं, फ्रिजमध्ये का नाही ठेवत. फ्रिज बाकीच्या तीन पेयांनी भरला होता. मी बरणी गॅरेजमध्ये ठेवली. डिसेंबर होता, म्हणजे इथला भर उन्हाळा, आणि आमचं गॅरेज डिसेंबरात पापड वाळवायच्या कामाचं असतं.

जेवणाच्या दिवशी दुपारी मी सरबत गाळलं. वर छान फेस आला होता. चाखून बघितलं तर जिभेला चुरचुर लागली, आणि मला वाटलं, ताजेपणा म्हणतात तो हाच. खात्री करायला अजून दोन ग्लास घेतले. नंतर तळ्याकाठच्या पार्कमध्ये तालीम झाली तेव्हा मी फार प्रसन्न होतो. वधूपित्याने फक्त चालत यायचं होतं, मी वाटेत थांबून छोटंसं भाषणही केलं. बायको माझ्याकडे बघत राहिली. मुलीचा बाप भावुक झालाय, अशी मी माझी समजूत करून घेतली.

साडेपाचला सगळे घरी आले. जावयाच्या मित्रांनी बर्फात बिअर ठेवलेली पेटी कुठे दिसते का ते बघितलं आणि समजूतदारपणे चेहरे सरळ केले. त्यातल्या एकाने सोलकढी स्ट्रॉबेरीचं दूध समजून तोंडाला लावली आणि लसूण लागल्यावरही ती संपवली, याचं मला आजही कौतुक वाटतं. अननसाचं सरबत मात्र धडाक्यात खपत होतं. पोरं तीन-तीनदा येत होती. मी फुगत चाललो होतो.

व्याही जावयाशेजारी बसले होते. उंच, उन्हाने रापलेले, नवा इस्त्रीचा शर्ट, आणि हात कुठे ठेवावेत ते न सुचलेले. मी ग्लास भरून नेला. ते म्हणाले, पाणी आहे माझ्याकडे, नो वरीज. मी पुन्हा पुढे केला. ते पुन्हा नको म्हणाले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून मुलगी माझ्याकडे बघत होती, ते मला दिसलं आणि मी दिसू दिलं नाही. मी म्हणालो की हे खास तुमच्यासाठी केलंय. यावर माणूस काय करणार. त्यांनी ग्लास घेतला, तोंडाजवळ नेला, आणि तिथेच थांबले. मग त्यांनी तो सावकाश खाली ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

"मेट, हे आंबलंय," ते हळूच म्हणाले. "यात दारू आहे. सहा वर्षं झाली, पण नाक विसरत नाही."

दुपारच्या माझ्या प्रसन्नतेचं कारण मला तेव्हा समजलं. आख्ख्या टेबलावर दारू एकाच भांड्यात होती. ती मी माझ्या हाताने गाळली होती आणि जो माणूस तिच्यापासून सहा वर्षं लांब राहिला त्यालाच तीनदा आग्रह करून दिली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सॉरी म्हणत राहिलो. ते म्हणाले, चालतं, घेतलं नाही ना मी. मग थोडं थांबून म्हणाले की इथे सगळे कुणामुळे कोरडे बसलेत ते प्रत्येकाला माहीत आहे, आणि तेवढंच नको होतं म्हणून तर निरोप पाठवला होता. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

मी ग्लास आणि जग उचलून आत गेलो. सरबत सिंकमध्ये ओतत होतो तेव्हा ते मागोमाग किचनमध्ये आले. बाहेर बसवत नव्हतं बहुतेक. त्यांनी विचारलं, चहा मिळेल का. माझ्या शीटमध्ये चहाची ओळच नव्हती. मराठी घरात चौदा माणसांच्या पेयांचा अभ्यास करून मी चहा विसरलो होतो.

मी आलं ठेचून चहा टाकला. ते ओट्याला टेकून उभे राहिले आणि उद्याच्या भाषणाबद्दल बोलले. कागदावर लिहिलंय, पण पोराकडे बघून वाचता येईल की नाही माहीत नाही, म्हणाले. मी म्हणालो की मलाही उद्याची भीती वाटतेय, आणि ते खरं होतं. त्यांनी कप दोन्ही हातांत धरून चहा संपवला. पातेल्यात अजून अर्धा कप होता. मी विचारलं, घेणार का.

"नाही, पुरे," ते म्हणाले.

दारात मुलगी येऊन उभी होती. माझ्या तोंडात 'घ्या हो, अर्धाच तर आहे' अगदी ओठांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं, गॅस बंद केला, पातेलं सिंककडे नेलं आणि नळाला हात घातला. इतका वेळ गप्प राहणं मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

"थांबा," व्याही मागून म्हणाले. त्यांनी कप पुढे केला नव्हता, पण खालीही ठेवला नव्हता. "माझा मुलगा सांगत होता, तुमच्याकडे दुसऱ्यांदा विचारतात."

मी मुलीकडे बघितलं. तिने मान डोलावली.

मी दुसऱ्यांदा विचारलं.