नळाखालची गोष्ट

पानाकाकांचा पाना जहाजावर चढतानाच काढून घेतला, आणि तिथूनच सगळं बिनसलं असं ते स्वतः म्हणतात. आता वीतभर लोखंडी पाना खिशात घालून कुणी क्रूझला जातं का? पण चाळीस वर्षं नळाची कामं केलेला माणूस. लग्नाकार्याला गेला तरी पाना खिशात असायचा, आणि दोन लग्नांत तो उपयोगीही पडला होता. तपासणीच्या टेबलावरच्या मुलीने पाना पिशवीत घातला, चिठ्ठी दिली आणि उतरताना घेऊन जा म्हणाली. काकांनी चिठ्ठी पाकिटात ठेवली, बायकोच्या फोटोमागे.

बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. घर खायला उठायचं. सकाळी सवयीने दोन कप चहा व्हायचा आणि एक मोरीत ओतावा लागायचा. अशात मुलीला बढती मिळाली. तीन महिन्यांनी ती दिवसभर ऑफिसात जाणार, मग अडीच वर्षांच्या गोटूला सांभाळणार कोण? जावई भला माणूस. तो म्हणाला, बाबांनाच बोलावून घेऊ की, तेही एकटे आहेत. मुलगी म्हणाली, "बघू."

हा "बघू" काकांच्या चांगल्या ओळखीचा होता. न आवडलेली वस्तू दुकानात खाली ठेवताना तिची आई असंच म्हणायची. त्यामुळे जावयाच्या कंपनीकडून सहा दिवसांच्या क्रूझची तिकिटं आली आणि मुलीने "बाबा, तुम्हीही चला" म्हटलं, तेव्हा काका हरखले नाहीत. ते समजून चुकले. ही सहल नव्हती, परीक्षा होती. पास झालो तर नातू, नापास झालो तर दोन कप चहा.

आणि पहिल्याच रात्री जेवताना काकांनी काय केलं असेल? नळाची गोष्ट सांगितली. टेबलावर एक निवृत्त हेडमास्तर होते, गप्पिष्ट गृहस्थ. गोटू शॉवर पाहिला की किंचाळतो, यावर बोलणं निघालं, आणि काकांना राहवेना. ही त्यांची ठेवणीतली गोष्ट. गोटूची आई चार वर्षांची असताना आंघोळीला नाही म्हणजे नाही म्हणायची. एक दिवस काका गटाराचं काम करून घरी आले तर ही मातीने बरबटलेली, आणि हिचं रडगाणं चालूच. "मग काय, उचलली आणि धरली नळाखाली. त्या दिवसापासून आंघोळ म्हटलं की सुतासारखी सरळ." हेडमास्तर खो खो हसले. गेली तीस वर्षं ही गोष्ट ऐकून सगळे हसत आले होते, काकू सोडून. मुलीने चमचा खाली ठेवला आणि गोटूचं तोंड पुसायला घेतलं, ते स्वच्छ असतानाही.

काकांना ते दिसलं का? दिसलं. पण दिसूनही न बघणं हा काकांचा जुना हातखंडा.

गोटूची मात्र खरंच पंचाईत होती. घरी तो टबात बसायचा, मगाने अंगावर पाणी घ्यायचा. इथे ना टब, ना बादली. केबिनची न्हाणी एवढीशी, त्यात काचेच्या दाराआड शॉवर. पाणी सुरू झालं की गोटू आईच्या पायाला मिठी मारायचा आणि असा टाहो फोडायचा की शेजारच्या केबिनमधले लोक दार उघडून बघायचे. चार दिवस मुलीने त्याला ओल्या टॉवेलने पुसून भागवलं. केसांचा पार चिकट गठ्ठा झाला होता. काकांनी दोनदा मदत देऊ केली. दोन्ही वेळा ती नको म्हणाली आणि दाराला आतून कडी घातली.

काका मुलीच्या केबिनमध्ये गेले की सवयीने न्हाणी तपासायचे. ती आंघोळ करून बाहेर आली तरी शॉवरखालची फरशी कोरडी खडखडीत. बेसिनभोवती मात्र पाणी, आणि तिथे दात घासायचा पेला. काकांनी मान डोलावली. उतार फार छान दिला आहे म्हणाले, पाणी उभंच राहत नाही. मग एका कामगाराला गाठून त्यांनी टाकी कुठे आहे असं विचारलं. तो हसला. इथे वर टाकी नाही, सगळं पंपाच्या जोरावर चालतं. काकांनी तीही माहिती डोक्यात जमा करून ठेवली.

पाचव्या दिवशी जहाज बंदराला लागलं. मुलगी आणि जावई तीन तासांसाठी गावात फिरायला निघाले. गोटू त्याच्या आबांपाशी राहील, असं तिने आपणहून म्हटलं. काकांनी लगेच गोटूचं बोट धरलं. निघताना तिने सगळं समजावलं. बिस्किटं इथे, कपडे इथे, आणि आंघोळीच्या वाटेला अजिबात जायचं नाही. दारातून ती परत वळली. "बाबा, रडला तर रडू द्या. फक्त ओरडू नका."

दोन तास दृष्ट लागण्यासारखे गेले. काकांनी त्याला डेकवर नेलं, दोर दाखवले, पाइप दाखवले, एका नळाची गळती दाखवली. गोटूने "आबा, नळ शू करतो" म्हटलं आणि काका इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग आइस्क्रीम घेतलं. चॉकलेटचं. गोटूने अर्धं खाल्लं आणि उरलेला कप टोपीसारखा डोक्यावर पालथा घातला.

आता टॉवेल ओला करायचा आणि पुसायचं, एवढंच करायचं होतं. काकांनी पुसलं. चार दिवसांच्या गठ्ठ्यात चॉकलेट आणखी मुरलं. ते मानेवरून पाठीवर उतरलं, गोटू खाजवून खाजवून किरकिर करायला लागला. आणि काकांच्या मनात तो विचार आला, जो येऊ नये. मुलगी परत येईल, पोरगं न्हाऊनमाखून लख्ख बसलेलं असेल, आणि ती म्हणेल, बाबा, हे तुम्हीच करू जाणे. मग कसला "बघू" आणि कसलं काय.

युक्तीही तयार होती. गोटूला भीती शॉवरच्या शंभर धारांची. मग शॉवरचं ते भोकाभोकांचं डोकंच काढून टाकावं आणि पाइपच्या तोंडाला रुमाल बांधावा, म्हणजे पाणी मुकाट्याने खाली ओघळेल. घरोघरी नळाला फडकं बांधतात तेच. पाना नव्हता, म्हणून काकांनी टॉवेल गुंडाळून हातानेच डोकं फिरवून काढलं. रुमालाला घट्ट गाठ मारली. गोटूला कपडे काढून आत उभं केलं, हातात पेला दिला, आणि आबा जादू करणार म्हणाले. गोटू घाबरलेला होता, पण उभा राहिला. आबांवर त्याचा विश्वास होता, हे विसरू नका.

मग काकांनी नळ पाव फिरकी उघडला.

पाव फिरकी. चाळीस वर्षं गच्चीवरच्या टाक्यांवर काम केलेल्या हाताला पाव फिरकी म्हणजे बोटाएवढी संथ धार, हे पक्कं माहीत. डोक्यात जमा केलेला पंप डोक्यातच राहिला. हाताला त्याचा पत्ता नव्हता. पाणी असं सुटलं की रुमाल उडून काचेला चिकटला आणि धार सरळ पोराच्या तोंडावर बसली.

गोटूचा श्वासच अडकला. मग किंकाळी. पेला पडला, पोरगं दाराकडे धावलं, पाय घसरला. काकांनी त्याचा दंड पकडला. पडू नये म्हणून पकडला, हे खरं. पण मग सोडला नाही, हेही खरं. एका हातात दंड, दुसरा हात नळाकडे, आणि तोंडातून तो जुना आवाज बाहेर पडला. "उभा राहा म्हणतो ना!"

गोटू गप्प झाला. एकदम. रडणं गिळून, खांदे वर ओढून, डोळे घट्ट मिटून तो उभा राहिला. सुतासारखा सरळ.

काकांनी ते बघितलं आणि ओळखलं. कारण हे त्यांनी पूर्वी बघितलेलं होतं. हेच खांदे, हेच मिटलेले डोळे. गोष्ट सांगताना एवढाच भाग ते नेहमी गाळत आले होते. त्या दिवशी गटारात आठ तास घालवून, मुकादमाच्या शिव्या खाऊन ते घरी आले होते आणि तो सगळा राग चार वर्षांच्या पोरीवर निघाला होता. पाणी थंड होतं. काकू मागून सोडा, सोडा म्हणत होत्या. आणि काकांनी सोडलं नव्हतं.

या वेळी सोडलं. नळ बंद केला, कपड्यांसकट खाली बसले आणि म्हणाले, आबा चुकला रे राजा. गोटू पुढे आला नाही. तो बेसिनखाली कोपऱ्यात जाऊन बसला. काकांनी टॉवेल पुढे केला तर त्याने अंग चोरलं. शेवटी टॉवेल जमिनीवरून हळूच सरकवला. बऱ्याच वेळाने पोराने तो ओढून घेतला. मग दोघे तसेच बसून राहिले, दोन टोकांना, गालिचापर्यंत पाणी गेलेलं.

मुलगी आली तेव्हा हे असं चित्र. तिने काही विचारण्याआधी गोटूला उचललं, आणि दंडावर उमटलेली चार बोटं तिला दिसली. जावई म्हणाला, पडला असेल, फरशी निसरडी आहे. काकांना आयती पळवाट मिळाली होती. पडताना धरला, एवढं म्हटलं असतं तर अर्धं खरंच होतं.

"पडत होता म्हणून धरला," काका म्हणाले. "पण नंतर रागाने धरून ठेवला. ओरडलो. तू नको म्हणाली होतीस तेच केलं."

 मुलीने गोटूला कपडे घातले, जावयाबरोबर बाहेर पाठवलं. मग पलंगाच्या कडेवर बसून ती शांतपणे बोलली, आणि तो शांतपणाच काकांना सोसवेना. "बाबा, मी अजून शॉवरखाली उभी राहत नाही. बादली नसेल तर पेल्याने घेते. गोटूने ते बघितलंय. त्याची भीती त्याची नाहीच आहे."

काकांना बेसिनजवळचा पेला आठवला. मग तिच्या घरची न्हाणी आठवली. लग्नात त्यांनी तिला भारीतला शॉवर बसवून दिला होता, स्वतःच्या हाताने. दरवेळी गेले की त्याचं डोकं निरखायचे. आठ वर्षांत क्षाराचा एक डाग नाही, एक भोक बुजलेलं नाही. काका जावयाला अभिमानाने सांगायचे, बघा, माझं काम असं असतं. आणि जावई, जो दुसऱ्या न्हाणीत आंघोळ करायचा, हो हो म्हणायचा. पाण्याची सगळी अक्कल असलेल्या माणसाला एवढं कळलं नव्हतं की त्या शॉवरमधून कधी पाणीच गेलं नव्हतं.

"मी ती गोष्ट पुन्हा कधी सांगणार नाही," काका म्हणाले.

"सांगा," मुलगी उठत म्हणाली. "पण सगळी सांगा."

त्या रात्री जेवायला काका नको नको म्हणत होते, तरी गेले. आणि योग असा की हेडमास्तरांच्या पत्नी, ज्या पहिल्या रात्री बोट लागून केबिनमध्ये पडून होत्या, त्या टेबलावर होत्या. हेडमास्तर म्हणाले, काका, ती नळाची गोष्ट आमच्या हिला सांगा, फार मजेदार आहे. गोटू टेबलाच्या त्या टोकाला, आईच्या मांडीवर. सगळ्या संध्याकाळी तो आबांकडे फिरकला नव्हता.

काकांनी पाणी प्यायलं आणि सांगितली. गटार सांगितलं, मुकादम सांगितला, थंड पाणी सांगितलं. पोरगी आधी रडत होती आणि मग गप्प झाली, आणि ते गप्प होणं आपण शहाणपण समजलो, हे सांगितलं. बायको सोडा म्हणत होती, तेही सांगितलं. आज दुपारी काय झालं, तेही.  हेडमास्तरांचा घास हातातच राहिला. कुणी हसलं नाही. त्यांच्या पत्नीने पाण्याचा पेला काकांकडे सरकवला आणि मान खाली घातली.

मुलगी काकांकडे बघत होती. रडत नव्हती. तीस वर्षांत ती या गोष्टीच्या शेवटपर्यंत मान वर करून पहिल्यांदाच बसली होती.

उठताना ती त्यांच्या खुर्चीपाशी थांबली. गोटूचं पाळणाघरात नाव घालून ठेवलंय, ते ती काढणार नव्हती, तसं तिने स्पष्ट सांगितलं. काकांनी मान हलवली. निकाल त्यांनी दुपारीच लावून टाकला होता.

"उद्या सकाळी त्याचे दात तुम्ही घासा," ती पुढे म्हणाली. "आला तुमच्याकडे तर. दार उघडं ठेवा."

"उघडंच ठेवतो," काका म्हणाले.